सूत्र म्हणजे दोरी

गणित आणि चित्रकलेचं नातं मोबाइलवर शोधा. ठरलेली मंडळी लगेच हजर होतात. लिओनार्दो दा विंचीचा वर्तुळात हातपाय पसरून उभा असलेला माणूस, एशरच्या एकमेकांत गुंतलेल्या पाली, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर १.६१८ म्हणजे गोल्डन रेशो. आता हा गोल्डन रेशो व्हॉट्सअॅपवरून आपल्या गावांतही पोचलाय. एखाद्या जुन्या मंदिराचा फोटो असतो, त्यावर पिवळी गोगलगाय काढलेली असते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘पूर्वजांना सगळं माहीत होतं!’

मी दिवसभर स्क्रीनवर चौकटी सरकवायचं काम करतो, त्यामुळे एक सांगू शकतो. ती गोगलगाय कशावरही बसते. ताणून बसवली तर वरण-भाताच्या ताटावरसुद्धा बसते. ती बसली म्हणून काही सिद्ध होत नाही.

आणि वऱ्हाडाला तिची गरजही नाही. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम या पट्ट्यातल्या दगडात एक वेगळी संख्या बसलेली आहे. ती म्हणजे १.४१४, अर्थात २ चं वर्गमूळ. ती कुणी फोटोवर काढलेली नाही. काम करताना ती आपोआप आत आली आहे. ती कशी आली आणि कुणी आणली, हे बघण्यासारखं आहे.

चौरस फिरवा

लोणारला लोक विवर बघायला जातात. जायलाच हवं. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने पडलेला पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचा खड्डा रोज थोडाच बघायला मिळतो! २०२० साली त्या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. पण गावात दैत्यसूदनाचं मंदिर आहे, आणि त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा परतीच्या गाडीआधीची दहा मिनिटं येतात. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे मंदिर. आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. भिंत सरळ जातच नाही. ती सतत बाहेर येते, आत जाते, पुन्हा बाहेर येते. वरून पाहिलं तर मंदिराचा आराखडा चांदणीसारखा दिसतो. चांदणी अनियमित आहे, सगळी टोकं सारखी नाहीत, पण चांदणीच.

असा आराखडा ही दख्खनची आणि माळव्याची जुनी सवय. १०६० सालच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातही हेच तत्त्व आहे. त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मात्र कर्नाटकात गदगजवळ डंबळला आहे. तिथल्या दोड्डबसप्पा मंदिराच्या गाभाऱ्याला बाहेरून अखंड २४ टोकं आहेत.

२४ टोकांची चांदणी काढायला किती गणित लागतं? कोडमध्ये सांगायचं तर एक लूप. एक चौरस काढा. तो केंद्राभोवती १५ अंश फिरवून पुन्हा काढा. असं सहा वेळा करा आणि सगळ्यांची मिळून बाहेरची कडा घ्या. दोन चौरस ४५ अंशांनी फिरवले की आठ टोकं, तीन चौरस ३० अंशांनी फिरवले की बारा, चार चौरसांनी सोळा, सहांनी चोवीस. चौरस कितीही घ्या, टोकं नेहमी त्याच्या चौपट.

यातली खरी गंमत पाथरवटाच्या बाजूने बघितली की कळते. टोकं आठ असोत की चोवीस, प्रत्येक टोक हा चौरसाचाच कोपरा असल्याने बाहेरचा कोन कायम ९० अंशांचा राहतो. म्हणजे टोकाचा प्रत्येक दगड साध्या गुण्याने तपासता येतो. टोकांची संख्या वाढली तरी हत्यार बदलत नाही. दोन टोकांमधली खाच तेवढी बदलते. आठ टोकांच्या चांदणीत ती १३५ अंशांची असते, चोवीस टोकांच्या चांदणीत १०५ अंशांची. दिसायला अफाट गुंतागुंत, पण करायला एक आकार आणि एक कृती. चांगला प्रोग्राम असाच असतो.

दोरी धरणारा

आता अंश मोजायचं यंत्र नसताना जमिनीवर हे आखायचं कसं? एक खुंटी ठोकायची, तिला दोरी बांधायची आणि वर्तुळ काढायचं. फिरवलेल्या सगळ्या चौरसांचे सगळे कोपरे याच एका वर्तुळावर येतात. मग वर्तुळाचे चार भाग, त्यांचे आठ, आठाचे सोळा. प्रत्येक वेळी मधला बिंदू शोधायलाही पुन्हा दोरीच.

आपल्या भाषेने ही गोष्ट जपून ठेवली आहे, आपलंच तिकडे लक्ष नसतं. मंदिर आखणाऱ्या मुख्य कारागिराला जुना शब्द आहे सूत्रधार, म्हणजे सूत धरणारा. नाटकातला सूत्रधार हा त्याचाच नातेवाईक. आपला ‘सुतार’ हा शब्दही त्यातूनच झिजत आला. आणि शाळेत आपण जे पाठ करतो त्यालाही ‘सूत्र’च म्हणतो. वेदी बांधण्याच्या भूमितीचे सगळ्यात जुने ग्रंथ म्हणजे शुल्बसूत्रं. ‘शुल्ब’ म्हणजेही दोरीच. म्हणजे ग्रंथाच्या नावातच दोरी दोनदा आली.

इसवी सनापूर्वीच्या बौधायन शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णाचा हिशेब दिला आहे. बाजू १ असेल तर तिच्यात तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. उत्तर येतं ५७७ भागिले ४०८, म्हणजे १.४१४२१५७. खरी किंमत १.४१४२१३६. दहा मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण या रीतीने काढला तर चूक ०.०२ मिलिमीटरची. केसाची जाडी याहून जास्त असते.

पण दगडाचं काम करणाऱ्याला एवढाही हिशेब करावा लागत नाही. त्याला कर्ण हवा असेल तर तो एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणतो. झालं! २ चं वर्गमूळ त्याच्या हातात येतं. दशांश चिन्हानंतर आकडे किती, हा प्रश्न त्याच्यासमोर येतच नाही.

रुमालाची घडी आणि मंडपाचं छत

आता मान वर करा. या घराण्यातल्या मंदिरांच्या मंडपात एक छत वारंवार दिसतं. चौकोनी जागेच्या चार कोपऱ्यांवर चार तिरप्या शिळा टाकायच्या. मध्ये जो चौरस उरतो तो आधीच्या चौरसाला तिरका असतो. त्याच्या चार कोपऱ्यांवर पुन्हा चार शिळा. असं करत भोक लहान झालं की वर एकच शिळा ठेवायची आणि तिच्यावर कमळ कोरायचं.

हे कळायला चौकोनी रुमाल घ्या आणि त्याची चारही टोकं मध्यावर आणून दुमडा. उरलेला चौरस तिरका असतो आणि क्षेत्रफळाने बरोबर निम्मा. पुन्हा दुमडा, पाव. समजा जागा चार मीटर बाजूची आहे, म्हणजे १६ चौरस मीटर. पहिल्या थरानंतर ८ उरतात, मग ४, मग २. बाजू मात्र प्रत्येक वेळी १.४१४ ने भागली जाते. ४ मीटर, मग २.८३, मग २, मग १.४१.

हे कुणी नुसत्या हौसेसाठी केलेलं नाही. दगड दाबाला खंबीर असतो, पण वाकवलं की तडकतो. चार मीटरच्या जागेवर एकच आडवी शिळा टाकणं म्हणजे खालच्या भक्तांच्या जिवाशी खेळ. कोपरे कापत गेलं की प्रत्येक शिळेला पेलायचं अंतर घटत जातं. आपण खाली उभे राहून ज्याला नक्षी म्हणतो, तो मुळात वजनाचा प्रश्न सोडवल्याचा कागद आहे. फक्त तो कागद इतका सुंदर झाला की उत्तर बाजूला राहिलं आणि आपण अक्षरच बघत बसलो.

हेमाडपंतांच्या आधीचं हेमाडपंती

ही मंदिरं कुणी बांधली, असं गावात विचारा. एकच उत्तर येतं: हेमाडपंतांनी. चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं जुनं मंदिर दिसलं की ते हेमाडपंती. दर्यापूर तालुक्यातलं लासूरचं आनंदेश्वर हेमाडपंती, लोणारचं हेमाडपंती, अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीचं देवीचं मंदिरही हेमाडपंती.

हेमाद्री पंडित ही खरी व्यक्ती. देवगिरीच्या महादेव यादवाचा आणि मग रामचंद्र यादवाचा मंत्री, ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड ग्रंथाचा कर्ता. महादेव गादीवर आला १२६१ च्या सुमारास. आणि बार्शीटाकळीच्या मंदिरातल्या शिलालेखाचा शक आहे १०९८, म्हणजे इसवी सन ११७६. मंत्र्याची कारकीर्द सुरू होण्याच्या ८५ वर्षं आधी त्याच्या शैलीतलं मंदिर उभं होतं! अंबरनाथचं तर दोनशे वर्षं आधी.

माझ्या क्षेत्रात याची सवय असते. रात्री जागून कोड लिहिणारे पाचजण असतात आणि प्रेझेंटेशनवर एकाचं नाव येतं. पण इथे तर त्या एकाचा जन्मही झालेला नव्हता. नाव टिकलं कारण तो लिहिणारा होता, दरबारात होता. ज्यांनी चौरस फिरवला त्यांनी काही लिहून ठेवलं नाही.

भास्कराचार्यांच्या दोन चुका

गंमत अशी की त्याच शतकात, याच दख्खनमध्ये, लिहिणारा एक मोठा गणिती होता. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जडविड गावच्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ पूर्ण केली. पुढे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी खानदेशात पाटणला मठ स्थापन केला. तिथला शिलालेख आजही चाळीसगावजवळ आहे.

‘लीलावती’त वर्तुळात बसणाऱ्या समभुज आकृत्यांच्या बाजूंचा एक तक्ता आहे. व्यास १,२०,००० धरला तर त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४, षट्कोनाची ६०,०००, सप्तकोनाची ५२,०५५, अष्टकोनाची ४५,९२२ आणि नवकोनाची ४१,०३१. मी हे सातही आकडे कॉम्प्युटरवर तपासले. पाच तंतोतंत बरोबर आहेत. सप्तकोन ५२,०६६ हवा आणि नवकोन ४१,०४२. दोन्हींत ११ चा फरक.

चूक किती मोठी? बारा मीटर व्यासाचं वर्तुळ घेतलं तर सुमारे एक मिलिमीटर. छिन्नीची एक टिचकी. पण चूक नेमकी या दोनच ठिकाणी का, हा प्रश्न रंगतदार आहे. उरलेल्या पाच आकृत्यांच्या बाजू वर्गमुळं काढत काढत मिळतात, म्हणून त्या दोरी-खुंटीनेही अचूक आखता येतात. सप्तकोन आणि नवकोन मात्र वर्गमुळांच्या आवाक्यातले नाहीत. पट्टी आणि कंपासने त्या दोन आकृत्या काढताच येत नाहीत, हे १८३७ मध्ये फ्रान्सच्या पिएर वांत्झेलने सिद्ध केलं. म्हणजे भास्कराचार्यांचे आकडे नेमके तिथे घसरतात जिथे सूत्रधाराची दोरीही अडते. मंदिरांच्या चांदण्या आठ, बारा, सोळा, चोवीस अशाच का, सात आणि नऊ टोकांच्या का नाहीत, याचं निम्मं उत्तर या तक्त्यात आहे. उरलेलं निम्मं, चौरसाला कोपरे चारच असतात.

आता महत्त्वाची गोष्ट. कारागीर ‘लीलावती’त अजिबात नाहीत असं नाही. खड्डा खणणं, विटा रचणं, करवतीने लाकूड कापणं यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. आणि तिथे भास्कराचार्य स्पष्ट सांगतात, की या कामांचं मोल कारागिरांशी होणाऱ्या ठरावावर आणि वस्तू मऊ आहे की कठीण यावर ठरतं. बाजाराची पक्की जाण असलेला माणूस बोलतोय. पण म्हणजे ग्रंथात कारागीर येतो तो मजुरीच्या हिशेबात. त्याच्या हातातली दोरी भूमिती करते आहे, हे प्रकरण कुणी लिहिलं नाही.

नरनाळ्याची जाळी

हे प्रकरण दुसरीकडे लिहिलं गेलं होतं. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा अल-बूझजानी नावाचा गणिती होता. त्याने कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर पुस्तकच लिहिलं. त्यात त्याने एक बैठक नोंदवली आहे. एका बाजूला गणिती, दुसऱ्या बाजूला कारागीर, आणि प्रश्न असा: तीन सारखे चौरस कापून एक मोठा चौरस कसा करायचा? कारागिरांची रीत डोळ्याला पटायची पण काटेकोर नव्हती. गणिती सिद्धता देऊ शकत होते, पण कापायचं कसं हे त्यांना सांगता येत नव्हतं. अबुल वफाने दोघांना पटेल अशी रीत दिली.

ही परंपरा इराणमार्गे दख्खनला आली. गिलानहून आलेल्या महमूद गावानने बिदरला १४७२ च्या सुमारास मदरसा बांधला. याच गावानने बहमनी राज्याची फेररचना करताना वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन भाग पाडले. १४८१ मध्ये त्याला मारण्यात आलं. त्यानंतर सहा वर्षांनी, १४८७ मध्ये, अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्यावर महाकाली दरवाजा उभा राहिला.

पांढरट वालुकाश्मातला हा दरवाजा काळ्या बेसॉल्टच्या मुलखात एकदम उठून दिसतो. त्यावर अरबी लेख आहेत, आणि त्यांच्या शेजारीच कमळंही आहेत. बाजूच्या सज्ज्यांना दगडी जाळ्या आहेत आणि त्यांच्या नक्ष्या तऱ्हेतऱ्हेच्या आहेत. जाळी म्हणजे काय? एक तुकडा सरकवा, फिरवा, उलटा करा, आणि अख्खा सज्जा न तुटता भरा. अशा रीतीने सपाट पृष्ठभाग भरण्याचे प्रकार मोजून १७ च असतात, हे रशियाच्या फेदोरोवने १८९१ मध्ये सिद्ध केलं. एशरने स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा महालातल्या अशाच नक्ष्या १९३६ मध्ये वहीत उतरवून घेतल्या, आणि मग त्या पाली जन्माला आल्या.

या नक्ष्यांचा एक मूळ घटक आठ टोकांची चांदणी आहे. ती कशी काढतात? दोन चौरस, एक दुसऱ्यावर ४५ अंश फिरवलेला. लोणारच्या घराण्यातली पहिलीच कृती! अचलपूरजवळ तळ्याच्या मधोमध उभा असलेला हौज कटोरा अष्टकोनी आहे, आणि चौरसातून अष्टकोन काढायलाही दोरीच पुरते. दोरी कोपऱ्यावर धरायची, केंद्रापर्यंत ताणायची, तेवढीच लांबी दोन्ही बाजूंवर उतरवायची. चारही कोपऱ्यांवरून केलं की आठ खुणा मिळतात. त्या जोडल्या की अष्टकोन. देव बदलला, लिपी बदलली, राज्य बदललं. दोरीला कुणी धर्म विचारला नाही.

अकरा ते सहा

तिसरी शाळा अजून चालू आहे, आणि तिची इमारत रोज पुसली जाते. ठिपक्यांच्या रांगोळीच्या पुस्तकात चित्राखाली ‘११ ते ६’ असं लिहिलेलं असतं. मधल्या ओळीत ११ ठिपके, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत ६ पर्यंत. एकूण ठिपके ९१. ‘९ ते ५’ घेतली तर ६१.

आता हे बघा. ६ चा घन २१६, ५ चा घन १२५, फरक ९१. ५ चा घन १२५, ४ चा घन ६४, फरक ६१. हा योगायोग नाही. सहा बाय सहा बाय सहा असा लाडवांचा घन रचला आहे असं समजा. मागच्या कोपऱ्यातून पाच बाय पाच बाय पाचचा घन काढून घ्या. समोरच्या तीन भिंती उरतात, त्यात ९१ लाडू. आता बरोबर समोरच्या कोपऱ्यातून बघा. दिसतो तो षट्कोन, ‘११ ते ६’ ची रांगोळी. सडा घातलेल्या अंगणात रोज सकाळी घनांची वजाबाकी होते आणि दुपारपर्यंत पायाखाली जाते.

तमिळनाडूत अशाच कोलमवर मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमनी यांनी १९७० च्या दशकात संशोधन केलं आणि त्यातून चित्रांचं व्याकरण लिहिण्याच्या रीती कॉम्प्युटर विज्ञानात आल्या. आपल्याकडे रांगोळी अजूनही ‘हस्तकला’ या तासाला असते. गणिताचा तास वेगळा, सर वेगळे, वही वेगळी.

हे भांडण मला फक्त मानाचं वाटत नाही. ज्या ज्ञानाला आपण गणित म्हणत नाही, ते हरवलं तरी कळत नाही. ‘लीलावती’चं एक पान फाटलं तर दुसरी हस्तलिखितं असतात. मंदिराच्या चांदणीचं एक टोक सिमेंटने लिंपून गुळगुळीत केलं, किंवा छताच्या तिरप्या शिळांवर ऑइलपेंटचा जाड थर दिला, तर ते पान दुसरीकडे कुठेही नसतं. गावोगाव असे जीर्णोद्धार भक्तीने होतात, वर्गणी काढून होतात, आणि करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. त्यांना ‘हे देवाचं आहे’ असं सांगणारे शंभर भेटतात. ‘हे भूमितीचंही आहे’ असं सांगणारा कुणी भेटत नाही.

तुमच्या खिशात कॅमेरा आहे. गावातल्या जुन्या मंदिरात जाल तेव्हा सेल्फी घ्याच, पण एक फोटो मंडपाच्या बरोबर मध्ये फरशीवर आडवं पडून छताचाही घ्या. एक भिंतीच्या कोपऱ्याचा, शेजारी शाळेची पट्टी धरून. पुजारीकाका विचारतील, ‘काय करून राह्यला बे पोट्ट्या?’ त्यांना खिशातला रुमाल काढून चार घड्या घालून दाखवा, आणि मग दोघं मिळून वर बघा.